प्रश्न चौथा, गुण दहा

घटक पाचवा. नेतृत्वाचे सिद्धांत.
पान एकशे बारा, खूण म्हणून ठेवलेलं
तांबोशीचं खवलं, सुकून काचेसारखं झालेलं;
त्याखालची अक्षरं जरा मोठी दिसतात.
मी वाचते बर्फाच्या खोलीबाहेर, वजनकाट्याच्या स्टुलावर,
निवतीच्या बंदरात, जिथं दुपारी दोन ते चार
फक्त मांजरं आणि सचिव जागी असतात.
सचिव म्हणजे मी, सुगंधा खोबरेकर.
संस्थेचा शिक्का माझ्याकडे, शिव्याही माझ्याच नावावर.

पुस्तक म्हणतं: काही माणसं जन्मतःच नेते असतात.
उंची, आवाज, आत्मविश्वास.
माझी उंची चार फूट अकरा.
आवाज लिलावात हरवतो.
पुढच्या पानावर पुस्तक स्वतःच म्हणतं,
हा सिद्धांत आता मागे पडला.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं: बरं झालं.

मग शैली आल्या. हुकूमशाही, लोकशाही, मोकळीक देणारी.
एकेक अंगाला लावून पाहिली, दुकानात साडी पाहावी तशी.
पहिल्या सोमवारी फर्मान काढलं:
बर्फ टोकन घेऊनच मिळेल, रांगेत.
शेवंती मेतरनं टोकनाला बांगड्याचे हात पुसले
आणि माझ्याच टेबलावर ठेवलं, नीट, चहाच्या कपाखाली.
दुसऱ्या सोमवारी मतदान घेतलं.
एकवीस बाया, तेवीस मतं.
तिसऱ्या सोमवारी मी काहीच केलं नाही.
बर्फ वितळला.

एका पहाटे भोगव्याच्या बाजूला रापण लागली होती.
मी वाळूत बसून घोकत होते,
परिस्थिती बदलेल तशी शैली बदलावी,
तोच दाजी गिरप ओरडले,
"सचिवबाय, वाचतंस काय? ये, दोरी धर."
धरली. ओली, जड,
पलीकडचं टोक कुणीतरी हट्टानं धरून बसल्यासारखी.
रापण ओढताना माणसं मागे मागे चालतात,
पाठ गावाकडे, डोळे जाळ्यावर.
जो सरकत सरकत माडांपर्यंत पोचतो तो दोरी सोडतो
आणि पुन्हा पाण्यात उतरून सगळ्यांच्या पुढे धरतो.
मी शोधत होते, यांतला पुढारी कोण.
मग माझीच पाळी आली पुढे उभं राहायची,
गुडघाभर पाण्यात,
आणि पायाखालून सरकणाऱ्या वाळूखेरीज काहीच कळेना.
दाजींना विचारायला तोंड उघडलं.
"बोलू नको. वड."

वीज गेली बुधवारी, रात्री अकराला.
आत चाळीस क्रेट बांगडा, जनरेटर कोरडा,
आणि डिझेलची चिठ्ठी चार दिवस माझ्या पर्समध्ये,
बिनसहीची.
बाया जमल्या. सगळ्या बॅटऱ्या माझ्या तोंडावर.
एकही शैली आठवेना.
म्हटलं, चूक माझी. आता काय करायचं, मला सुचत नाही.
कुणी समजूत घातली नाही.
शेवंती म्हणाली, "ता मगे बघूया. मीठ खंय आसा?"
शाळेमागच्या गोदामात. किल्ली कुणाकडे, ते मला ठाऊक होतं.
मी धावले. माझा वाटा तेवढाच.
चार वाजेपर्यंत आम्ही बांगडे चिरले, मीठ भरलं.
अकरा क्रेट गेलेच.
शेवंती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

रविवारी कुडाळ, परीक्षा केंद्र.
प्रश्न चौथा: नेत्याचे गुण सांगा. गुण दहा.
मिठानं चिरलेल्या बोटांत पेन धरवत नव्हतं.
दूरदृष्टी, संयम, निर्णयक्षमता,
आकडे घालून आठ लिहिले, पुस्तकातल्याच क्रमानं.
नववा लिहिला: किल्ली.
खोडला. तपासणाऱ्याला काय कळणार.
दहाव्याची ओळ रिकामी ठेवून घंटा झाली.

एसटी परुळ्याच्या वळणावर असताना फोन.
शेवंती. पेपर कसो गेलो, असलं काही नाही.
"फाल्या बरफ किती सांगू?"
मी म्हटलं, तूच ठरव.
पलीकडे थोडा वेळ नुसताच वारा.
मग, "अठ्ठावीस लादये. आणि ह्या टायमाक
सही येळेर कर."