आठ पावलं

आश्रमशाळेच्या मैदानाला चुना मी मारतो.
सत्तावीस वर्षं झाली. टेप कधी नव्हता.
गोलाच्या दोन बांबूंमध्ये आठ पावलं,
असं लांजेवार सरांनी पुस्तकात बघून सांगितलं,
आणि पावलं माझी होती.
मी तेव्हा लांब टांगांचा.

सर मूळचे कबड्डीचे, साकोलीकडचे.
फुटबॉल ते पोरींसोबतच शिकले,
शिट्टी मात्र पहिल्या दिवसापासून झकास वाजवायचे.

रंजू सिडाम गोलात कशी आली
ते पेपरवाल्यांनी छापलं :
मोहफुलं झेलता झेलता हात तयार झाले.
मोहफूल कोणी झेलत नाही जी,
ते पहाटे खालून वेचतात.
तिच्या टाचेत काच गेली होती, पळता येईना,
म्हणून उभी केली.
काच निघाली. पोरगी तिथंच राहिली.

फायनलच्या रात्री धानगिरणीच्या भिंतीवर सामना लावला.
भिंतीला दोन हात चुना मीच दिला होता,
तरी एका जागी पोपडा उडालेला,
तिथून बॉल गेला की घडीभर काळा व्हायचा.
निळ्या जर्सीतल्या पोरी गावाला पाठ :
कप्तान बिसनी तिर्की, भुवईवर टाके पडलेली.
लालरिनपुई, जिचं नाव पुरतं घेईपर्यंत
ती अर्धं मैदान ओलांडून गेलेली असायची.
आणि रेषेबाहेर मेमचा मॅडम, कोच,
हाताची घडी घालून,
खुर्ची असून एकदाही न बसलेल्या.

रंजू राखीव. तेवीस नंबर.
पूर्ण स्पर्धेत तिनं पाण्याच्या बाटल्या झेलल्या.
त्र्याहत्तराव्या मिनिटाला कॅमेरा तिकडं वळला.
चार सेकंद.
मॅडम वाकल्या, कानात काही बोलल्या,
आणि रंजू हसली.
एक-एक बरोबरी, देशाचा जीव टांगणीला,
आणि आमची पोरगी दात काढून हसली.

मग बिसनीनं डोकं लावलं, चषक आला,
कोणी गिरणीचा भोंगा वाजवला, कुत्री रात्रभर भुंकली.
पण गावात चर्चा त्या चार सेकंदांचीच.
पोलीस पाटील म्हणाला, "उतरवनार होते तिले, पक्कं."
तिची माय म्हणाली, "केस बांध म्हनलं असन, दुसरं काय."
लांजेवार सर काही बोलले नाहीत.
ते बॉलकडं बघतच नव्हते त्या रात्री,
मी पाहिलं, त्यांची नजर बेंचवरच होती.

मंडईला रंजू घरी आली.
सरांच्या अंगणात, चिवड्याची बशी मांडीवर घेऊन
तिनं सांगितलं :
"मॅडम म्हनल्या, तू खांब सोडून
नेहमी एक हात बाहेर झेपावतेस.
किती दिवस झाले, जात नाही तुझी खोड.
तुझ्या गावचे खांब गाडले तरी कुनी?"
आणि ती पुन्हा तशीच हसली, माझ्याकडं बघून.
मी माझ्या पायांकडं बघितलं.

म्हणूनच ती राखीव राहिली का,
हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही.
"त्याच्यानंच तर तिथवर गेली असन,"
ती गेल्यावर सर म्हणाले, पण कंदील नसलेल्या खुंटीकडं बघत,
जशी माणसं स्वतःला काही पटवताना बघतात.

सकाळी तलाठ्याकडून टेप आणला.
मी एक टोक धरलं, सरांनी दुसरं.
आठ मीटर, वर चाळीस.
पुस्तकात सात बत्तीस.
सरांनी आकडा दोनदा वाचला, चश्मा पुसून तिसऱ्यांदा.
सहा वर्षं त्या पोरीनं
दोन्हीकडं एक-एक हात जास्तीचं आभाळ राखलं होतं,
माझ्या टांगांपायी.

सब्बल मी सोबत आणलीच होती.
सर म्हणाले, "उपटायचे?"
मी म्हटलं, "तुम्ही सांगा."
तेवढ्यात सातवीतली कुसराम्यांची पोर,
एका पायात मोजा, एक पाय उघडा,
दोन बांबूंच्या मधोमध येऊन उभी झाली
आणि ओरडली,
"काका, हटा न जी, बॉल येऊन राहिला!"

आम्ही हटलो.