कोन

रात्रपाळीहून येताना एक कोन आणतो पिशवीत.
सूत संपलेला, पुठ्ठ्याचा, टोकाला गुलाबी.
मालक काही म्हणत नाही, रद्दीतच जायचा असतो.
आता घरात एकोणीस झालेत.

लास्या एकावर एक चढवते.
एक. दोन.
तिसऱ्याला तिचा हात कापतो,
जीभ ओठाबाहेर येते, श्वास थांबतो,
माझाही.
तिसरा बसतो.
मग स्वतःच सगळे पाडते
आणि माझ्याकडे बघते,
कोणी पाडलं, असं.

सतरा महिने झाले, अजून चालत नाही.
आठव्यातच आलेली,
सिव्हिलमध्ये काचेच्या पेटीत एकवीस दिवस.
अंगणवाडीच्या सिद्धव्वाताईंकडे एक कार्ड आहे.
आधाराशिवाय उभं राहतं का?
दोन बोटांत बारीक वस्तू धरतं का?
ताई पेन उघडतात, थांबतात, टोपण लावतात.
"पुढच्या महिन्यात लिहू की.
खेळवा तिला. इकतचं काही आणू नका,
घरात हाय तेच द्या."

घरात काय आहे?
शहाबादी फरशी आहे.
डाग पडलेला टॉवेल आहे, त्यावर बसवून
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढतो,
वळणावर कलते, सावरते,
कंबरेत जोर येतो म्हणे त्यानं.
नळ चार दिवसांनी येतो,
म्हणून पाण्याचा खेळ ज्वारीवर भागवतो,
या वाटीतून त्या वाटीत.
ती सांडते, मी वेचतो, ती बघून पुन्हा सांडते.
शेंगा दिल्या फोडायला.
टरफल वाजलं की दचकते, मग हसते.
दाणे मी मोजून घेतो,
परवा एक नाकात चालला होता.

कारखान्यात धागा तुटला की माग थांबतो.
मी टोक शोधतो, अंगठा आणि पहिल्या बोटात धरतो,
गाठ मारतो, माग सुरू.
एका रात्रीत कितीदा, कोण मोजतंय.
हे धरणं मला कोणी शिकवलं, आठवत नाही.
म्हणजे कोणीतरी माझ्यापुढंही
बसून ज्वारी वेचली असणार.

सोमवारी दुपारी
रेणुका सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती.
लास्या सरपटत गेली
आणि फरशीवरून विडी बांधायचा दोरा उचलला,
बोटभर, लाल.
मुठीत नाही. दोन बोटांत. नेमका.
मी ओरडलोच. कारखान्यात कान गेलेत माझे,
हळू बोलता येत नाही.
शेजारची महानंदा दारात आली, म्हणाली,
"विडीची बोटं हायत बगा, आईवर गेली."
कौतुकच होतं ते.
रेणुका हसली.
मग तिनं सूप उचललं, माळ्यावर ठेवलं,
आणि लेकीची बोटं पदरानं पुसत बसली,
तंबाखू लागलेला नसताना.
त्या दिवशी हजारात दोनशे विड्या कमी पडल्या.

काल ती कपाटाला धरून उभी होती.
एका हातात कोन.
रेणुकानं समोरून हात पसरले,
"रा, बुज्जी, रा."
आमच्या तेलुगूत रा म्हणजे ये.
तेवढ्यात महानंदा दारातून,
"ऱ्हा गं, ऱ्हा! पडशील!"
लास्याला दोन्ही एकच ऐकू आलं असणार.
तिनं कपाट सोडलं
आणि आली नाही.
बसलीही नाही.
खोलीच्या मधोमध, पाय फाकवून,
कोन छातीशी धरून,
ये आणि थांब यांच्या मध्ये
उभी.

मी आकडे मोजत होतो, बहुतेक मोठ्यानं.
सहाला धपकन बसली.

कार्डावर अशी जागा नाही.
तरी ताईंना सांगणार आहे, सहा.
पाळीची वेळ झाली. डबा भरलाय,
पिशवी रिकामी आहे,
विसाव्यासाठी.