काजळीखालचा कावळा

पुठ्ठा बेदाण्याच्या खोक्याचा, तासगावचा.
छापील द्राक्षं खाली गेली, कोरी बाजू वर.
त्यावर मेणाचे खडू: पिवळा, केशरी,
मग उरेल तो.
"मामू, जांभळा तुटलाय."
तुटकाच घास, शाहिस्ता,
पुठ्ठा तुळतुळीत होईतो घास.

काळ्याला काय तोटा मिरजेत, आमच्या कारखान्यात?
सरसाच्या डब्याचं बूड खरवडलं,
वाटीभर काजळी.
पाण्यात कालवून फासली
तर मेणावरनं थेंब पळाले, पारा सांडल्यागत.
दुसऱ्यांदा भांड्याचा साबण घातला बोटभर.
मग बसली.
माळवदावर वाळली, सतारीच्या भोपळ्यांशेजारी.

कंपास शाळेत हरवलेला.
बाजाची तुटकी तार रिकाम्या रिफिलीत खोचून दिली,
तांदळाएवढी बाहेर.

"कावळा काढते."
मग कावळ्याला हात लावू नको.
भोवतीचं आभाळ खरवड.
ती बघतच राहिली माझ्याकडं.
अगं, भोपळ्यात आवाज आम्ही भरतो का?
गर तेवढा काढतो.

कर्र. केशरी उगवलं.
कर्र, कर्र,
फुंकर मारली की काळी पूड माझ्या चहात.
आणि मग शिंक.
तार सटकली, कावळ्याच्या पोटातनं आरपार
जांभळी रेघ.
"खोडता येतं?"
नाही.
जरा वेळ गप्प. मग म्हणाली,
"ह्यानं मांजा गिळलाय."

संध्याकाळी नव्या तंबोऱ्यावर पाच काळी बोटं.
गिऱ्हाईक धारवाडचं, सकाळी येणार.
चार पुसली.
एक राहू दिलं,
खालच्या अंगाला,
मांडीवर टेकतं तिथं.