उघाडी

तीस वर्षं मी ट्रेसिंग पेपरवर
झीरो पॉइंट तीनच्या पेनानं सेक्टर आखले.
बेलापूरला, तिसऱ्या मजल्यावर,
शाई वाळेपर्यंत श्वास रोखून.
कागदाखाली जुना नकाशा असायचा,
त्यावर बारीक अक्षरात
लांबखार, बगळ्याचा कोठा, सासूचा बांध.
ही नावं वर घ्यायची नाहीत
असा नियम नव्हता.
घ्या, असंही कुणी म्हटलं नाही.

आता करावे गावात भाड्याची खोली.
ईझल, जवसाचं तेल, टर्पेंटाइन,
आणि खाडीच्या हवेत
आठवडा आठवडा न सुकणारा रंग.

परवा एका पुस्तकात तो नकाशा दिसला.
ब्लॅकफूट लोकांतल्या एका जाणत्यानं
दोनशे वर्षांपूर्वी काढून दाखवलेला,
कंपनीच्या माणसाला.
डोंगर म्हणजे दोन सरळ रेघा, जगाचा कणा,
त्यातून नद्या निघालेल्या बरगड्यांसारख्या.
अंतर मैलांत नाही, मुक्कामांत मोजलेलं,
इथून तिथवर किती रात्री झोपायचं.
वर शाई मात्र कंपनीची.
अक्षर सुबक, एका उंचीचं.
ते अक्षर मी ओळखलं.

मग पारसिकची रांग घातली कॅनव्हासवर,
बर्न्ट सिएना, सुरीनं, जाड.
त्या कण्याला नाले जोडले, बांध जोडले,
मिठागरांचे चौकोन पांढऱ्यात थोडा गुलाबी मिसळून.
तिकडे कातड्यावर दर हिवाळ्याचं
एकच चित्र काढायचे म्हणे.
देवीचा हिवाळा.
गवे दिसेनासे झाले तो हिवाळा.
इथं हिवाळा कुठला, मी सालं धरायला बसलो
आणि मला एकही साल येईना.

सांगितली ती घरमालकिणीनं, चांगुणा भोईरनं,
जिन्यात बसून, सुकट निवडता निवडता.
बांध फुटला ते साल.
मीठ काळं निघालं ते साल.
मोजणीवाले आले, त्यांना तिनं तांब्या दिला ते साल.
(त्यांत मी होतो का? असेन.)
गोळीबाराचं साल.
मग पैशाचं, दारोदार मोटारसायकली,
आणि त्यातल्या दोन पोरांचे फोटो भिंतीवर.

त्या लोकांचं नाव सांगितलं तिला,
काळ्या पायांचे.
जळल्या गवतातून चालून जोडे काळे झाले, असं म्हणतात.
तिनं स्वतःच्या टाचा उलट्या करून पाहिल्या,
मिठानं चिरलेल्या.
काही बोलली नाही.

चित्रापुढं मात्र उभी राहिली ती फणकारून.
"ह्या काय रं? पानी हिकरशी नाय येत.
उघारी कुठं हाय?"
मी म्हटलं, दाखवा. बोट लावा, रंग ओलाच आहे.
अंगठ्यानं पुसा हवं तर.
तिनं हात मागं घेतला.
"आंगठा नाय. त्यो येकदा दिला हाय."

आणि करंगळीनं,
सासूच्या बांधाच्या मधोमध,
उघाडीएवढी फट पाडली.
तिथून खाडी आत शिरली,
माझ्या पांढऱ्यात निळसर गढूळ.

महिना झाला. चित्र सुकलेलं नाही.
सहीच्या जागी काय लिहावं ते ठरत नाही.
भाडं द्यायला गेलो तर नोटा मोजता मोजता म्हणाली,
"इकलास तर सारेबारा टक्के माझं.
आनि ह्या बारीला येलेवर."