तूट

रोज सकाळी नऊला अदोयो
कुंपणाचं फाटक उघडून आत येते.
लाकडी चौकटीवर पत्र्याचं रुंद घमेलं,
वर जाळी, पाखरांनी पिऊ नये म्हणून.
वाकून ती मळसूत्र फिरवते,
गळासारखा आकडा पाण्याखालून वर आणते,
टोक नुसतं टेकेपर्यंत,
आणि वहीत लिहिते: तूट, सहा मिलिमीटर.

अकरा वर्षं हेच.
गेलं कुठे, नेलं कुणी,
असल्या चौकशीला छापील वहीत रकाना नाही.

कुंपणापलीकडे लोल्वे, नकाशात व्हिक्टोरिया.
त्याला जाळी नाही.
त्याचंही रोज जातंच, अर्ध्या नखाएवढं,
पण हे अर्धं नख तीन देशांच्या काठांपर्यंत पसरलेलं.
एकदा तिने गुणाकार करायला घेतला,
शून्यं समासाबाहेर गेली.
खोडलं. सरकारी वही.

दुपारी पाणी असं उठून जातं
की काठावर मासळी वाळवणाऱ्या बायकांना
पत्ता लागत नाही.
आवाज नाही, वाफ नाही,
फक्त पलीकडची बेटं जराशी थरथरतात
आणि मिठाच्या गोणीला हात लावला
तर हात ओला.

काल रात्री तिचा भाऊ ओगुतू
ओमेना धरायला गेला, करंगळीएवढी चंदेरी मासळी.
काळ्या पाण्यावर सहा दिवे सोडले, वाट बघत बसला.
मध्यरात्र उलटल्यावर वारा सुटला,
जमिनीवरून आत, चहूबाजूंनी, गार,
आणि दिवसभराची ती न दिसलेली ओल
मधोमध गाठून वर रेटली त्याने,
वर, आणखी वर,
तिथे ती काळी पडली.
पहिल्या विजेत ओगुतूला
होडीतला खिळा न् खिळा दिसला.
त्याने जाळं कापून टाकलं.

आता फाटकाशी उभा, एकच दिवा हातात,
शर्ट पिळतो, दात वाजताहेत, तरी म्हणतो:
"तुझे सहा मिलिमीटर सापडले गं.
सगळे माझ्याच डोक्यावर!"

अदोयो हसत नाही.
रात्रभर ती खिडकीत होती,
इथून विजा दिसत होत्या, ऐकू येत नव्हत्या.
"तिथेच पीळ," ती म्हणते, "घमेल्यापासून लांब."
मग पर्जन्यमापकाचं झाकण काढते.
तळ कोरडा, एक मुंगी.
लिहिते: पाऊस, शून्य.
हात जरा कापतो, शून्य वाकडं येतं.

तो घरी जाऊन झोपला.
साडेनऊला तिने सहज पाहिलं,
फाटकाशी जिथे शर्ट पिळला होता
तिथे जमीन वाळली होती.