बेसिनमधलं धुणं

मार्कंडेयला आज गुडघाभर पाणी.
दगड माझाच, कोपरा उडालेला,
त्यावर जावयानं घेतलेला पोपटांचा शर्ट.
"धुतलेलंच परत धुवालाय व्हय?"
पलीकडून गंगव्वा.
धुतलेलंच आहे, पण बेसिनात.
हे तिला कसं सांगू?

जावई बेंगळूरचा. तिकिटं त्याची, हौस लेकीची.
तीन रात्री बोटीवर,
बाराव्या मजल्यावर पोहायचं तळं.
समुद्रात तळं!
कपाटात एक पिशवी, पिशवीला कागद:
शर्ट साडेतीनशे. पँट चारशे. मोजे, जोडीला दीडशे.
चष्मा पुसून परत वाचला.
कॅम्पात एका कर्नलच्या अख्ख्या घराचं धुणं
मी महिन्याला साडेतीनशेत केलंय,
खळीसकट.

द्रौपदा म्हणाली, ठेवा की, घरी जाऊन धुऊ.
पण दुसऱ्या रात्री पोपटांवर सांबार सांडलं
आणि हात गप्प बसेनात.
बेसिनाला बूच लावलं, घरनं नेलेली वडी काढली.
आपटायला दगड नाही,
पाणी गोल फिरतं, पुढं जात नाही.
न आपटता धुणं म्हणजे
न बोलता भांडण.

न्हाणीच्या भिंतीतनं ओढायची एक दोरी,
करगोट्याएवढी.
तिच्यावर माझा बनियन, तिचा परकर, पोपट.
खाली एवढा समुद्र
आणि झोप मोडली ती थेंबांनी.

सकाळी टॉवेल बदलायला पोरगा आला.
छातीवर पाटी: पर्सी.
दोरीकडं बघून हसला.
"कुठलं गाव, अण्णा?"
"कंग्राळी."
"मी गर्लगुंजीचा की! परशराम."
खाली दुसऱ्या मजल्यावर असतो म्हणाला, लाँड्रीत,
वरचा एकजण तापानं पडला म्हणून आज इथं.
रोज तीन हजार चादरी. खिडकी नाही.
"समुद्र आहे हे पगार झाल्यावर कळतंय."
"आणि तुझे कपडे?"
"मशीनमधनंच काढतो की, गरमागरम.
उन्हात वाळलेला शर्ट घालून सात महिने झाले."

मी म्हटलं, आण.

रात्री आणला, टॉवेलात गुंडाळून,
चोरीचा माल असल्यासारखा.
निळ्या चौकड्यांचा. कॉलरच्या आत टेलरची चिंधी,
दुकानाचं नाव मराठी, अक्षरं कानडी.
मी कुणाचा शर्ट धुतोय
हे द्रौपदाला आधी कळेना, मग तिनं बाह्या धरल्या.
सुट्टीवर आलेली दोन माणसं,
बेसिनावर वाकून.

एसीच्या गारव्यात काय वाळणार?
मुंबई आली तरी कफ ओले.
उतरताना शोधला त्याला,
तो खाली, चादरींत.
मग शर्ट माझ्याबरोबरच निघाला.
कोल्हापूरपासून एसटीच्या खिडकीबाहेर धरला होता,
निपाणीच्या अलीकडं कंडक्टर ओरडला.

आता दगडावर आपटतोय.
आवाज पलीकडच्या काठाला लागून परत येतो,
बटणं तेवढी जपतोय.
तारेवर टाकला. ऊन चांगलं आहे.

सवयीनं बिब्ब्याची बाटली घेऊन बसलो.
कर्नलला दोन टिंबं असायची,
बँकेच्या मॅनेजरला फुली,
डॉक्टरीणबाईंना उभी रेघ.
काडी बुडवली, कॉलर उलटी केली,
आणि तसाच बसलो.
"कुणाचा ओ हा?" गंगव्वा विचारती.

आमच्यात घरच्या कपड्याला खूण घालत नाहीत.

बाटलीचं बूच लावलं.
रविवारी जाईन म्हणतो गर्लगुंजीला.
घर विचारायचं राहिलंच त्याला.
टेलर सांगेल की.