पाव लादी

हर्णैच्या बर्फ कारखान्यात मी हिशेब लिहिते.
दिवसाला दोनशे लाद्या समोरून जातात,
गोणपाट टाकलेल्या खांद्यांवरून क्रशरच्या तोंडात,
तिथून टपात, टपातून होडीत.
आणि माझं डोकं
डाव्या भुवईच्या वर, रुपयाएवढ्या जागेत
पेटलेलं.

हसायचे सगळे.
बर्फात बसून हिला कसली आग?
क्रशर सुरू झाला की आधी अक्षरं मोडायची.
चोगले लिहिताना ग अर्धाच दिसायचा,
उरलेल्या अर्ध्यात
खवल्यांसारखं काहीतरी चकाकत राहायचं.
मग वीस मिनिटं.
मग ते यायचं.

सासूबाईंनी सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी चारली,
सात रविवार, पूर्वेला तोंड करून.
वजन तेवढं वाढलं.
जावेनं सुंठ उगाळून थापली, कपाळाची साल निघाली.
गुरुवारी बंदरावर एकजण पुड्या घेऊन यायचा,
करड्या, बिननावाच्या, पेपरात बांधलेल्या.
त्यांनी मात्र गुण आला.
एवढा गुण, की लिलावाच्या गोंगाटातून
मी काळा चष्मा न लावता चालत गेले.
मग तोंड सुजलं.
बाळसं धरलंय, म्हणाल्या बायका, कौतुकानं.

मेडिकलवाला यशवंता तर घरचाच.
मी पायरी चढेपर्यंत पट्टी काउंटरवर.
सुटे नसले की वर दोन गोळ्या.

दापोलीच्या सरकारी दवाखान्यात
डॉक्टर रेहाना मुकादम यांनी विचारलं,
महिन्याला किती घेता?
बारा वर्षं लोक विचारत होते, किती दुखतं.
किती गिळतेस, कुणीच नाही.
मी हिशेबनीस बाई, लाद्यांचा आकडा कधी चुकला नाही,
आणि इथं बोटं मोजायला लागले.
सव्वीस, म्हटलं. बहुतेक जास्तच.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
आता तुमची गोळीच तुम्हाला दुखवतेय, म्हणाल्या,
जसं काही बाहेर पाऊस लागलाय असं सांगावं.
पुडी बघायला मागितली. हुंगली.
ही एकदम सोडायची नाही हं,
मी सांगेन तशी, पायरी पायरीनं.
रक्त तपासलं, लघवी तपासली, प्रेशर दोनदा घेतलं.
रोज रात्रीची एक वेगळी गोळी दिली,
आणि दुखलं तर घ्यायची दुसरी, आठवड्यात दोनदाच.
तिसऱ्यांदा दुखलं तर?
तर माझ्याकडे यायचं, यशवंताकडे नाही.

दहा दिवस वाईट जातील म्हणाल्या होत्या.
चौदा गेले.
दीपगृहाचा झोत खिडकीवरून फिरायचा,
मी गोधडी टांगली, तरी मनात मोजत राहायचे,
आता आला, आता गेला.
नवरा पहाटे समुद्रावरून यायचा
तो चपला हातात घेऊन.
त्याच्या अंगाच्या वासानं मला उमळायचं.
तो पडवीतच झोपला, जाळ्यांवर,
आणि एक शब्द बोलला नाही.
त्याचंही कुठं लिहिलेलं नाही.

वही ठेवायला सांगितली होती:
तारीख, जेवण, झोप, पाळी,
आणि दुखणं, दहापैकी किती.
दहात मला काही सांगता येईना.
मी लिहिलं, पूर्ण लादी.
मग, पाऊण.
पुढच्या खेपेला बाईंनी वही उलटसुलट केली,
विचारलं, लादी किती किलोची?
आणि आपल्या कागदावर तसंच उतरवून घेतलं.

बरी झाले असं नाही म्हणणार.
उन्हात पाणी चमकलं की अजून ग हरवतो.
जेवणाची वेळ टळली की भुवई आठवण करून देते.
पण या महिन्यात तीन खुणा आहेत,
आणि यशवंता मला बघून
आता पट्टीकडे हात नेत नाही,
बिचारा, नुसताच हसतो.

काल पाजपंढरीची कलावती टप भरायला आली,
एका डोळ्यावर पदर दाबून.
क्रशर बंद करायला लावला मी, पाच मिनिटं.
शिव्या खाल्ल्या मालकाच्या.
तिला सावलीत बसवलं.
महिन्याला किती घेतेस गं?
ती बोटं मोजायला लागली.

आज: झोप सात तास. जेवण वेळेवर.
दुपारी तीनला, डावीकडे,
पाव लादी. वितळली.